गावात काम करायचंय? गृहविज्ञान विस्तार आणि युवती मंडळांच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी

शेतकरी कुटुंबांना प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकं देणाऱ्या कृषी विज्ञान केंद्रातल्या गृहविज्ञानाच्या मॅडम, अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका, बचत गट बांधणाऱ्या माविमच्या सहयोगिनी आणि उमेदच्या प्रभाग समन्वयक, युवती मंडळं बांधणाऱ्या स्वयंसेविका. पदांची नावं वेगळी, वरचे विभाग वेगळे. पण दिवसभराचं काम पाहिलं तर ते एकच आहे: गृहविज्ञानातलं ज्ञान घरोघर पोचवायचं, म्हणजेच विस्तार. घरात, शेतात, अंगणात जे रोज चालतं त्यात बाईचे कष्ट, खर्च किंवा आजारपण कमी होईल असा बदल घडवायचा, आणि तो बदल पुढे चालवणाऱ्या बायका-मुली त्याच गावात तयार करायच्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकीचा लेख तिच्यावरच उभा आहे. तुम्ही किती प्रशिक्षणं घेतली, किती बायकांच्या सह्या गोळा केल्या, याने अहवाल भरतो. तुमचं नाव होतं ते सहा महिन्यांनी त्या गावात काय चालू राहिलं यावर. हे बघायची सवय नोकरी लागण्याआधीच लावून घ्या.

आधी हे काम कुठून आलं ते थोडक्यात

२ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ग्रामसेवकांच्या जोडीला ग्रामसेविकाही नेमल्या गेल्या. त्यांना प्रशिक्षण देण्यासाठी खास गृहविज्ञान विभाग निघाले. ‘मुख्यसेविका’ हे पदनाम त्याच काळातलं आहे. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे सहकारी अनुताई वाघांसोबत ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. १९७४ मध्ये देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र पुद्दुचेरीत उघडलं, २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. आज तुम्ही ज्या पदांसाठी अर्ज करणार आहात त्यातली बहुतेक या तीन-चार धाग्यांतूनच आली आहेत.

पायरी १: कोणत्या दाराने आत जायचं ते ठरवा

पहिलं दार कृषी विज्ञान केंद्राचं. महाराष्ट्रात अशी सुमारे ५० केंद्रं आहेत. काही कृषी विद्यापीठांकडे, काही स्वयंसेवी संस्थांकडे (बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव, खरपुडी, कोसबाड ही त्यातली). गोव्यात दोन आहेत. पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा असतो, पण भरती यजमान संस्था करते, म्हणून जाहिराती एका जागी सापडत नाहीत. प्रत्येक केंद्राचं संकेतस्थळ आणि स्थानिक वर्तमानपत्र, दोन्हीवर लक्ष ठेवावं लागतं. गृहविज्ञानाच्या ‘विषय विशेषज्ञ’ पदाला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, वेतनस्तर १०, मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. ‘कार्यक्रम सहाय्यक’ पद पदवीवर मिळतं, वेतनस्तर ६, मूळ वेतन ३५,४०० पासून. भत्ते, निवृत्तिवेतन आणि बढती या बाबतीत संस्थांमध्ये फरक पडतो. नियुक्तीपत्र नीट वाचा आणि रुजू होण्याआधी तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोला.

दुसरं दार महिला व बालविकासाचं. अंगणवाडी सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका किंवा पर्यवेक्षिका, आणि तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. पर्यवेक्षिकेची भरती ग्रामीण भागात जिल्हा परिषद करते. जाहिरातीत गृहविज्ञान, बालविकास, पोषण, समाजशास्त्र अशा विषयांच्या पदव्यांचा उल्लेख येतो. काही जागा अनुभवी सेविकांमधूनही भरल्या जातात. त्यामुळे बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या आणि आज सेविका असलेल्या ताईंनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते.

तिसरं दार बचत गटांचं. माविमच्या सहयोगिनी गावोगाव गट बांधतात आणि गटांनी मिळून चालवलेल्या लोकसंचालित साधन केंद्रांतून काम चालतं. उमेद, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ पासून आहे. तिथे गावातल्या बाईपासूनच रांग सुरू होते: समुदाय संसाधन व्यक्ती (म्हणजे इतर गटांना शिकवणारी अनुभवी सभासद), बँक सखी, कृषी सखी, पशुसखी, पुढे प्रभाग समन्वयक, तालुका आणि जिल्हा पातळी. इथली वरची पदं कंत्राटी आहेत, हे आधीच मनाशी पक्कं करून जा. पण लोकांमध्ये उभं राहायला जितक्या लवकर हे काम शिकवतं तितकं दुसरं कुठलं शिकवत नाही.

चौथं दार युवक कार्याचं. नेहरू युवा केंद्रं १९७२ पासून गावात युवक मंडळं, युवती मंडळं बांधत आली. आता ते काम ‘मेरा युवा भारत’ या नावाने चालतं. १८ ते २९ वयाच्या स्वयंसेवकांना तालुका पातळीवर महिना ५,००० रुपये मानधनावर घेण्याची पद्धत तिथे राहिली आहे. सध्या काय चालू आहे ते जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. पगार म्हणून ही रक्कम काहीच नाही, पण विशीतल्या मुलीला सगळा तालुका ओळखीचा होतो.

दार कोणतंही निवडा, पुढे बदलता येतं. मी पाहिलेल्या चांगल्या कार्यकर्त्यांपैकी बऱ्याच जणींनी किमान एकदा तरी दार बदललं आहे, आणि बचत गटातून आलेली बाई कृषी विज्ञान केंद्रात जास्त शोभते असं माझं मत आहे.

पायरी २: शिक्षण

बारावीला असाल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातलं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आधी बघा. पूर्वीचं गृहविज्ञान महाविद्यालय ते हेच. पदवी चार वर्षांची आहे. पोषण, मानव विकास, वस्त्र, संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण असे पाचही हात तिथे असतात, आणि शेवटच्या वर्षी खेड्यात राहून काम करावं लागतं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं जुहूचं महाविद्यालय, माटुंग्याचं बीएमएन, निर्मला निकेतन, नागपुरात एलएडी, पणजीत गोवा गृहविज्ञान महाविद्यालय, ही सगळी जुनी आणि चांगली घरं. शहरातल्या महाविद्यालयातून पोषणतज्ज्ञ उत्तम तयार होतात. गावाची सवय मात्र स्वतःहून लावून घ्यावी लागते.

पदव्युत्तरला ‘विस्तार’ घ्यावा की ‘अन्न व पोषण’? मला विचाराल तर अन्न व पोषण, सोबत राष्ट्रीय सेवा योजनेचं किंवा संस्थेचं भरपूर क्षेत्रकाम. गावात हातात ठोस काहीतरी लागतं. ज्वारीच्या लाह्या किती तापमानाला चांगल्या फुलतात, हे ठाऊक असणाऱ्या बाईचं संवादकौशल्य आपोआप सुधारतं. अर्थात जाहिरातीत कोणती शाखा मागतात ते आधी पाहा. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, किंवा पीएच.डी. हवी.

पायरी ३: नोकरीआधीच एक गाव आणि एक हुन्नर धरा

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. बहुतेक मुली ते गुणांसाठी करतात. तुम्ही शिबिराच्या गावाला नंतरही जात राहा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण फारसं उरत नाही. महिन्यातून एकदा, तीच गल्ली, तीच घरं.

आणि एक काम असं शिका की ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारावंसं वाटू नये. भाजीपाला वाळवणं, बाळाचा पूरक आहार, परसबाग, नाचणी-ज्वारीचे टिकणारे पदार्थ, कष्ट वाचवणारी अवजारं, शिवणकामातलं मापन. यापैकी कोणतंही एक चालेल. पाच विषयांची पाच दिवसांची प्रमाणपत्रं जमवण्यापेक्षा एकाच विषयात दोन हंगाम काढा.

पायरी ४: पहिलं प्रात्यक्षिक

इथे जरा थांबते, कारण नव्या मुली सगळ्यात जास्त इथेच अडखळतात.

पूरक आहाराचं उदाहरण घ्या. विषय साधा आहे: बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत घट्टसर, मऊ अन्न सुरू करायचं. आपल्याकडे घरोघर काय देतात? वरणाचं पाणी, भाताची पेज. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही. हे ध्वनिक्षेपकावरून सांगितलं तर बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन वरणाचं पाणीच देतात.

म्हणून बोलण्याआधी चूल पेटवा. ज्या घरात सात-आठ महिन्यांचं बाळ आहे त्या घराच्या ओट्यावर बसा. भांडी त्यांचीच, डाळ-तांदूळ त्यांच्याच डब्यातले. बाहेरून आणलेलं साहित्य दिसलं की बायका मनात म्हणतात, हे मॅडमचं, आपलं नाही. एका वाटीत वरणाचं पाणी घ्या, दुसरीत शिजवून मऊ कालवलेला वरणभात, वर थोडं तूप किंवा तेल. मग प्रत्येक बाईच्या हातात चमचा द्या आणि तो तिरका करायला सांगा. पाणी लगेच सांडतं, कालवलेला भात चमच्याला धरून राहतो. ‘जे चमच्यावर टिकतं ते पोटात टिकतं’ असं एखादी आजी स्वतःच म्हणते, आणि त्यानंतर तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

आजीला बोलावणं फार महत्त्वाचं. बाळाच्या तोंडात काय जाणार हे पुष्कळ घरांत सूनबाई ठरवत नाही. सुनेला एकटीला शिकवून घरी पाठवणं म्हणजे तिला भांडणाच्या तोंडी देणं. सासूबाईंना ‘तुमच्या काळी नाचणीचं सत्त्व कसं करायचा, ते सांगा ना’ असं विचारून सुरुवात करा. त्यांचं ज्ञान खरंच उपयोगी असतं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायची पद्धत त्यांनाच नीट येते.

अवजारांचं प्रात्यक्षिक असेल तर घरातल्या पुरुषांनाही बोलवा. दातेरी विळ्याने मनगटाचा त्रास कमी होतो हे बाईला पटतं, पण विळ्याचे पैसे अनेकदा दुसऱ्याच्या खिशातून निघणार असतात. डावखुऱ्या बायकांना विचारायला विसरू नका. त्या स्वतःहून सांगत नाहीत.

वेळ नेहमी बाईच्या दिवसावरून ठरवा. कापूस वेचणीत दुपारी कोणी येणार नाही. पाणी सुटायच्या वेळी बैठक ठेवली तर निम्म्या जणी उठून जातील, आणि त्यांनी उठून जाणंच बरोबर आहे.

पायरी ५: पाठपुराव्याची वही

शंभर पानी वही घ्या. कार्यालयाच्या नोंदवहीपासून वेगळी, तुमची स्वतःची. प्रत्येक घरासाठी एक पान: आधी काय करत होत्या, काय करून पाहिलं, महिन्याने काय दिसलं, सहा महिन्यांनी काय दिसलं. आणि सगळ्यात मोठा रकाना: थांबवलं असेल तर का.

परसबागेचं पाहा. पावसाळ्यात गोल आखणी करून सात वाफे पाडले, मेथी, पालक, वांगी, दोडका लावला, छायाचित्रं निघाली. मार्चमध्ये परत गेलात तर दहापैकी बऱ्याच बागा सुकलेल्या असतात. ‘बायकांना रस नाही’ असं अहवालात लिहून मोकळं होणं सोपं आहे. वहीत कारण विचारून लिहिलं तर वेगळंच निघतं: एका घरी शेळ्या शिरल्या, दुसरीकडे न्हाणीचं पाणी उताराने उलट बाजूला जातं, तिसरीला माहेरी दोन महिने जावं लागलं, चौथीकडे बियाणं पुन्हा मिळालंच नाही. या चार कारणांवर चार वेगळे उपाय आहेत. पुढच्या पावसाळ्यात बाग न्हाणीच्या उताराला आखा, कडेने काटेरी कुंपण आधी करा, आणि प्रत्येक वस्तीत एका बाईकडे बियाण्याची बरणी ठेवा. तुमचं खरं संशोधन हेच. कृषी विज्ञान केंद्रात प्रक्षेत्र चाचणी (नवी पद्धत लोकांच्या शेतात-घरात तपासणं) आणि आद्यरेषीय प्रात्यक्षिकं (सिद्ध झालेली पद्धत तिथे करून दाखवणं) मांडावी लागतात, त्यांची बीजं याच वहीत सापडतात.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत ही वही न्या.

पायरी ६: युवती मंडळ

गृहविज्ञानाचं काम करणाऱ्या बऱ्याच जणी फक्त विवाहित बायकांपर्यंत थांबतात. मला हे पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. तो लग्नानंतर सुरू होत नाही. पंधराव्या वर्षीच्या मुलीपर्यंत पोचलं नाही तर पुढे गरोदरपणात धावाधाव ठरलेलीच.

सुरुवात दहा-पंधरा मुलींपासून करा. पहिल्या दोन-तीन बैठकांत आरोग्यावर व्याख्यान नको. कबड्डी, लंगडी, खो-खो. गावातलं मैदान मुलांनी धरलेलं असतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते मुलींना मिळावं एवढ्यासाठी सरपंचांकडे जा आणि मुलींनाच अर्ज लिहू द्या. त्या अर्जात त्या जे शिकतात ते कोणत्याही नेतृत्व शिबिरात मिळत नाही.

पालकांना घरी जाऊन भेटा, आईला आणि वडिलांना दोघांनाही. मुली किती वाजता सुटणार, कोणासोबत परतणार, हे स्पष्ट सांगा आणि ती वेळ एकदाही मोडू नका.

मग हळूहळू विषय आणा. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली पिशवीत ठेवून टाकून देतात, कारण पोटात मळमळतं. जेवणानंतर घ्यायची, वर चहा घ्यायचा नाही, लिंबू पिळलेली कोशिंबीर सोबत खायची, एवढं एकत्र बसून केलं तर गोळी पोटात जाते. मासिक पाळी, खर्चाचा हिशेब, बँकेत जाऊन स्वतः फॉर्म भरणं, सायकल-स्कूटर शिकणं हे पुढे येतं. मेंदी आणि रांगोळी स्पर्धा जरूर घ्या, पण मंडळाचं वर्ष त्यातच संपू देऊ नका. जिथे मुलांचं मंडळ आहे तिथे त्यांच्याकडूनही एक दिवस स्वयंपाक करून घ्या. ही मुलं उद्या कोणाचे तरी नवरे होणार आहेत.

मंडळ नोंदवायचं असेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात. पण पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नका. इतिवृत्ताची वही, जमाखर्चाची वही आणि दर सहा महिन्यांनी बदलणारी अध्यक्ष-सचिवाची जोडी, एवढं पुरतं. मुली लग्न होऊन जातात, शिकायला जातात, म्हणून बदलती जोडी हवीच. प्रत्येक सचिवाने जाण्याआधी धाकट्या मुलीला वही लिहायला शिकवायची, हा नियम पहिल्याच बैठकीत करा.

पायरी ७: कायदा आणि स्वतःची सुरक्षितता

मुलींचा विश्वास बसला की त्या बोलतात, आणि कधी फार गंभीर बोलतात. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातल्या घरात मिटवू’ हा पर्याय तुमच्याकडे नाही. मुलीला आधीच खोटं वचन देऊ नका की कोणालाच सांगणार नाही. बालविवाहाची कुणकुण लागली तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. तक्रार करणारीचं नाव गावात फुटणार नाही याची काळजी घ्या, त्या मुलीला पुढेही तिथेच राहायचं असतं.

स्वतःसाठी: दौऱ्याचा कागद कार्यालयात आणि घरी, दोन्हीकडे ठेवा. शेवटच्या एसटीची वेळ तोंडपाठ हवी. गावात मुक्काम असेल तर बचत गटातल्या ताईंच्या घरी, विश्रामगृहात एकटीने नाही. कामाच्या ठिकाणी त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे संस्थेत अंतर्गत समिती असायला हवी, आणि दहापेक्षा कमी माणसांची संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कंत्राटी आणि मानधनावर काम करणाऱ्यांनाही हा हक्क आहे. अनेकींना हे कोणी सांगतच नाही.

पायरी ८: अर्ज

एक फाइल कायम तयार ठेवा: गुणपत्रिका, अधिवास, जातीचा दाखला आणि वैधता, एमएस-सीआयटी, अनुभवाची पत्रं. अनुभवाच्या पत्रात ‘कार्यक्रमात सहभाग घेतला’ असं मोघम लिहून घेऊ नका. कोणती गावं, कोणता विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून मागा. संस्था सोडल्यावर दोन वर्षांनी ते पत्र कोणी देत नाही. कृषी विज्ञान केंद्राच्या विषय विशेषज्ञाला ३५ आणि कार्यक्रम सहाय्यकाला ३० अशी वयोमर्यादा साधारण असते, सवलती वेगळ्या, म्हणून पदव्युत्तर पदवी लांबवू नका. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरात यायची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच नवीन दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रात टाकून ठेवा, कारण जूननंतर तिथे प्रवेशाची गर्दी असते.